तेरियाकी सॅमन: एकाच तुकड्यात दोन तापमानं

सॅमनचं मांस ५० अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत रसाळ असतं. त्यावर चढवलेल्या सोया सॉस आणि साखरेच्या लेपाला भाजल्याचा खमंगपणा झटपट यायचा तर १४० अंशांच्या वरची धग लागते. या दोन तापमानांमध्ये जागा असते ती जेमतेम काही मिलिमीटरची. गोड-खारट, चकाकत्या लेपाचा हा जपानी धाटणीचा मासा घरच्या ओव्हनमध्ये बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. लेप झकास जमतो तेव्हा मासा कोरडा पडलेला असतो. मासा नेमका शिजतो तेव्हा लेप पाणचट राहून ट्रेमध्ये ओघळलेला असतो. नुसती कृती पाठ करून हे सुटत नाही. आत काय चाललंय ते कळलं, की सुटतं.

जपानमध्ये तेरियाकीची पद्धत जुनी आहे. सोया सॉस, मिरिन (तांदळाचं गोड मद्य), साके (तांदळाचं साधं मद्य) आणि थोडी साखर यांचं मिश्रण माशावर लावत लावत तो भाजायचा. हिवाळ्यात चरबी धरलेली ‘बुरी’ (यलोटेल) ही त्यासाठी लाडकी मासळी. तिथल्या घरांत हे काम तव्यावर किंवा गॅसच्या शेगडीतच बसवलेल्या, मासे भाजायच्या छोट्या कप्प्यात होतं. ओव्हनमधला प्रकार रुळला तो जास्त करून परदेशात. सॅमनही जपानला नवा नाही. होक्काइदोच्या नद्यांमध्ये शरद ऋतूत चढणारा सॅमन हा तिथल्या ऐनू लोकांच्या रोजच्या अन्नाचा आधार होता. मात्र नॉर्वेतला पाळीव, चरबीदार अटलांटिक सॅमन जपानी बाजारात शिरला तो १९८०च्या दशकानंतर, आणि आज आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतो तोही बहुतेक हाच.

कच्च्या तुकड्याकडे जरा निरखून पाहा. केशरी मांसातून पांढऱ्या, नागमोडी रेघा गेलेल्या दिसतात. दोन रेघांच्या मध्ये आखूड स्नायुतंतूंचा एक थर असतो आणि रेघ म्हणजे त्या थरांना जोडणारा कोलॅजेन या प्रथिनाचा पातळ पापुद्रा, त्यातच साठलेल्या चरबीसकट. पाण्यात तरंगणाऱ्या माशाला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं नसतं, त्यामुळे बकऱ्याच्या मांसासारखे जाड, चिवट पडदे त्याला लागत नाहीत. शिवाय थंड पाण्यातल्या माशांचं कोलॅजेन फार कमी तापमानाला विरघळतं. मटण तासभर शिजवावं लागतं आणि सॅमन दहा मिनिटांत पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो, त्याचं हे कारण.

स्नायूंतली प्रथिनं मात्र एकाच वेळी शिजत नाहीत. ४० अंशांच्या पुढे मायोसिन गोठायला लागतं. अर्धपारदर्शक मांस दुधट, अपारदर्शक होतं आणि काट्याने अलगद सुटतं. ६० अंश ओलांडले की अ‍ॅक्टिन आकसतं आणि तंतूंमधलं पाणी पिळून बाहेर काढतं. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे रसाळ मासा. ती हातची निघून चालली की माशावरच सूचना उमटते: कडांवर आणि वरच्या बाजूला पांढरे, दह्याच्या कवडीसारखे ठिपके येतात. अनेकांना ती चरबी वाटते. ते असतं पेशींमधल्या द्रवात विरघळलेलं प्रथिन. आकसणारे तंतू त्याला बाहेर ढकलतात आणि पृष्ठभागावर आल्यावर ते गोठतं. खायला त्यात काही वाईट नाही, पण ते भरपूर दिसलं तर धग जास्त झाली किंवा वेळ जास्त झाला असं समजावं. लिटरभर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून मासा दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवला, की हे ठिपके बरेच कमी होतात. मिठामुळे वरच्या थरातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर मासा कागदाने टिपून कोरडा करायचा, हे विसरू नये.

इथे सुरक्षिततेचा मुद्दा टाळता येत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस माशाच्या गाभ्याचं तापमान ६३ अंश व्हावं अशी आहे. चांगल्या स्वयंपाकघरांतून मात्र सॅमन ५०-५२ अंशांवरच उतरवला जातो. समुद्री सॅमनमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवल्याने मरतो, आणि तयार खाद्यावर वाढवलेल्या माशात तो क्वचितच सापडतो. पण गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. म्हणून गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी पंगतीला असेल, तर ६३ अंशच गाठावेत. सॅमनमध्ये चरबी भरपूर असल्याने तोही खाण्याजोगाच लागतो.

आता लेप. मला या पदार्थातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, कारण त्याचं निम्मं रसायनशास्त्र आपण शेगडी पेटवण्याच्या कितीतरी महिने आधी घडून गेलेलं असतं.

सोया सॉससाठी वाफवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू यांवर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात. जपानी लोक तिला कोजी म्हणतात. मग हे सगळं मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबत ठेवतात. बुरशीची विकरं (एन्झाइम्स) सोयाबीनमधल्या प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्लं मोकळी करतात आणि गव्हातल्या पिष्टाची साखर करतात. पुढे खारटपणा सोसणारे जिवाणू आणि यीस्ट आपापली भर घालतात. पिंपात शेजारी शेजारी आलेली ही अमिनो आम्लं आणि साखर एकमेकांशी अभिक्रिया करत राहतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केलेली ही अभिक्रिया पावाच्या कवचाला, भाजलेल्या कॉफीला, तव्यावरच्या भाकरीच्या डागांना रंग आणि वास देते. तव्यावर ती मिनिटांत होते, पिंपात महिन्यांत. सोया सॉसचा तपकिरी रंग बराचसा तिचाच. म्हणजे बाटली उपडी करतो तेव्हा आपण खमंगपणा तयारच ओतत असतो.

मिरिनमध्येही कोजीच राबते. चिकट तांदूळ, कोजी आणि शोचू नावाचं ऊर्ध्वपातित मद्य एकत्र मुरवत ठेवतात. विकरं भाताच्या पिष्टाचं ग्लुकोज करतात. एरवी यीस्टने ते खाऊन संपवलं असतं, पण शोचूतल्या अल्कोहोलमुळे यीस्टला तिथे वाढता येत नाही आणि गोडवा शिल्लक राहतो. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल आणि ४० टक्क्यांहून जास्त साखर असते, तीही मुख्यतः ग्लुकोज. याला महत्त्व आहे. ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक अमिनो आम्लाशी जोडलं जाऊ शकतं. साध्या साखरेच्या रेणूत ते टोक बांधलेलं असतं आणि आधी रेणू फुटावा लागतो. म्हणून मिरिनचा लेप नुसत्या साखरेच्या लेपापेक्षा लवकर तांबूस होतो. मिरिन मिळत नसेल किंवा मद्य नको असेल, तर साखरेपेक्षा मध वापरणं रसायनाच्या दृष्टीने जवळचं, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात. फ्रुक्टोज मात्र लवकर करपतं, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसावं. आणि ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी हे जाणून असावं की उकळल्याने अल्कोहोल बहुतांशी उडतं, पण पूर्ण जात नाही.

दोन माणसांसाठी सोया सॉस, मिरिन आणि साके प्रत्येकी तीन मोठे चमचे आणि साखर एक चमचा पुरते. हे माशावर थेट ओतायचं नाही, आधी छोट्या पातेल्यात आटवायचं. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि घाईचे असतात. पाणी उडेल तसे ते मोठे, संथ होतात आणि फुटताना पृष्ठभागावर क्षणभर खळगा राहतो. आपल्या एकतारी पाकाचा अंदाज ज्यांच्या बोटांना आहे त्यांना वेगळं शिकवायला नको. हा त्याच्या जरा अलीकडे थांबवायचा. थांबण्याचं कारण असं, की दाटपणा सरळ रेषेत वाढत नाही. २० अंशांवर ६० टक्के साखरेचं द्रावण पाण्यापेक्षा सुमारे ६० पट दाट असतं, ७० टक्क्यांचं जवळपास ५०० पट. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळा खेळ बदलतो. शिवाय गरम लेप नेहमी फसवा, पातळ दिसतो. चमचाभर थंड बशीत टाकून पाहावा, खरा दाटपणा तिथे कळतो. चकाकीही याच दाटपणातून येते. असा पाक माशाच्या खडबडीत पृष्ठभागावरचे खाचखळगे बुजवून गुळगुळीत थर धरतो आणि प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परत पाठवतो.

आधी आटवण्याचं दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. ओव्हन २०० अंशांवर असला तरी ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, कारण आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पातळ सॉस लावून मासा आत ढकलला, तर ते पाणी उडेपर्यंत वर खमंगपणा येतच नाही आणि तेवढ्यात गाभा ६५ अंशांच्या पुढे निघून जातो. शेगडीवर पाणी आधीच काढून टाकलं, की ओव्हनमध्ये उरलेलं काम दोन-चार मिनिटांचं.

म्हणून क्रम असा ठेवावा. अडीच सेंटिमीटर जाडीचा कोरडा केलेला तुकडा, थोडं तेल लावून, कातडी खाली ठेवून २०० अंशांवर लेपाशिवायच सात-आठ मिनिटं भाजावा. गाभा ४३-४५ अंशांवर आला की बाहेर काढून वरचा ओलावा टिपावा, लेपाचा पहिला हात द्यावा आणि ओव्हनची फक्त वरची कॉइल पूर्ण लावून दीड-दोन मिनिटं जवळ धरावा. मग दुसरा हात, पुन्हा मिनिटभर. वरून येणारी प्रखर उष्णता पातळ थरातच शोषली जाते. मांस उष्णतेचा मंद वाहक असल्याने ती आत पोचायला वेळ लागतो. आपल्याला हवी असलेली फट हीच. ५० अंशांवर बाहेर काढलेला मासा बशीत तीन-चार अंश आणखी चढतो, ते गृहीत धरावं. घड्याळावर फार विसंबू नये. जाडी दुप्पट झाली की उष्णतेला गाभ्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, चौपटीच्या आसपास वेळ लागू शकतो. शेपटीकडचा पातळ तुकडा आणि मधला जाड तुकडा एकाच वेळी ट्रेमध्ये ठेवले, तर दोहोंपैकी एक बिघडणारच. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर यासाठी घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

लेप आणि मासा तोंडात एकत्र आल्यावर जे होतं ते दोघांपैकी एकट्याच्याने झालं नसतं. टोकियोच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या खोल, रुचकर चवीला उमामी म्हटलं. १९१३ साली त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनिटो माशात दुसरा उमामी पदार्थ सापडला, इनोसिनेट. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस यामासा या सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीतले संशोधक आकिरा कुनिनाका यांनी दाखवलं, की दोन्ही एकत्र आले तर चव बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. जिभेवरच्या, चव ओळखणाऱ्या एकाच ग्राहीवर (रिसेप्टरवर) ग्लुटामेट आणि इनोसिनेट वेगवेगळ्या जागी बसतात आणि दुसरा पहिल्याची पकड घट्ट करतो. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट मुबलक. इनोसिनेट माशाच्या स्नायूत, मासा मेल्यानंतर पेशींतलं ऊर्जेचं इंधन मोडत जाताना तयार होतं. पुढे तेही मोडतं आणि कडवटपणाकडे जाणारे पदार्थ उरतात. या मोडतोडीवरूनच माशाचा ताजेपणा मोजायची पद्धत जपानी संशोधकांनी १९५९ साली मांडली. शिळ्या माशावर कितीही चांगला लेप चढवला तरी चव का उठत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

वासाचंही तसंच. समुद्री माशाच्या पेशींत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तो हिवस वास सुटतो. आम्लात या रेणूवर विद्युतभार येतो, तो हवेत उडू शकत नाही आणि वास दबतो. कोकणात माशाला लिंबू, चिंच किंवा कोकमाचं आगळ लावून ठेवतात ते याच रसायनाच्या जोरावर. पण तेरियाकीच्या लेपात लिंबू आधी घालू नये. आम्लात मायारची अभिक्रिया मंदावते आणि रंग चढत नाही. लिंबाची फोड ताटात असावी.

रंगाबद्दल थोडं. सॅमनचा केशरी रंग अ‍ॅस्टाझँथिनचा, जो त्याला छोट्या कवचधारी जिवांतून मिळतो आणि पाळीव सॅमनला खाद्यातून द्यावा लागतो. आपल्या कोळंबीतही तोच असतो. तिथे तो प्रथिनात अडकून करडा-निळसर दिसतो आणि शिजवल्यावर सुटून लाल होतो. सॅमनमध्ये तो तसा लपलेला नसतो, त्यामुळे शिजल्यावर मांस फक्त फिकटतं.

मुंबई-कोकणच्या बाजारात ज्याला इंडियन सॅमन म्हणून खपवतात तो रावस वेगळ्या कुळातला, पांढऱ्या मांसाचा मासा आहे. तेरियाकी त्याच्यावरही छान बसते, कारण इनोसिनेट त्याच्याही स्नायूत तयार होतंच. फक्त त्याच्यात सॅमनइतकी चरबी नसते आणि एखादं मिनिट जास्त झालं तर तो माफ करत नाही. त्याच्यासाठी लेप जरा जास्त दाट आटवावा, लेपाशिवाय भाजायचा वेळ मिनिट-दोन मिनिटांनी कमी करावा आणि दुसऱ्या हाताऐवजी उरलेला गरम लेप वाढताना वरून सोडावा.