फवारा वेगळा, बटण वेगळं

संक्रांत जवळ आली की आमच्या सांगली-साताऱ्याच्या सिमवाल्या, म्हणजे संगणकावर विमान उडवणाऱ्या मंडळींना युरोपातल्या बर्फाचे वेध लागतात. नॉर्वेतल्या ऑस्लोहून एअरबसचं ए३२० निओ विमान काढायचं, लाइव्ह वेदर म्हणजे तिथलं खरं हवामान लावायचं आणि पाच-सहा तासांनी स्पेनच्या ग्रान कनारिया बेटाच्या उन्हात उतरायचं. बेत झकास आहे. वैताग येतो तो स्क्रीनशॉट बघून. पंखांवर बोटभर बर्फ, वरच्या पॅनलवर अँटी-आइसची (बर्फ जमू न देणारी) तिन्ही बटणं चालू, आणि खाली ओळ: 'डी-आइसिंग झालं, निघालो!' अहो, कुठे झालं?

डी-आइसिंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. गाडी येते, ग्लायकॉल मिसळलेल्या गरम पाण्याचा फवारा मारते, पंखा-शेपटीवरचा बर्फ उतरतो. सफाईला नारिंगी टाइप वन द्रव, पुन्हा साचू नये म्हणून वरून घट्ट हिरवं टाइप फोर. रंग पाठ नसले तरी बिघडत नाही. जीएसएक्स हे विमानतळावरच्या सेवांचं जोड-सॉफ्टवेअर घेतलं असेल तर हे सगळं सिममध्येही करता येतं. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की हे काम जमिनीपुरतं. टेक-ऑफच्या धावेत ते द्रव पंखावरून वाहून जातं. त्याआधीही त्याला मुदत असते, आणि बर्फ पडत असेल तर टाइप वनची मुदत काही मिनिटांतच संपते.

खरा घोळ बटणांचा. आधी विंगचं, म्हणजे पंखाचं बटण घ्या. ए३२० जमिनीवर असताना ते दाबलंत तर गरम हवेचे व्हॉल्व्ह चाचणीपुरते ३० सेकंद उघडतात आणि बंद होतात. पुन्हा उघडतात ते चाकं जमीन सोडल्यावर. तेव्हाही गरम होतात त्या प्रत्येक पंखाच्या पाच स्लॅटपैकी (पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्यांपैकी) बाहेरच्या तीन. पंखाच्या पाठीवर बसलेल्या बर्फाला या बटणाचा पत्ताही नसतो. तो फवाऱ्यानेच काढायचा.

इंजिनाची दोन बटणं इंजिनातलीच गरम हवा तोंडाच्या कडेला फिरवतात. तिथे बर्फ जमून सुटला तर थेट फॅनच्या पात्यांवर जातो, म्हणून तो जमायच्या आधी बटण दाबायचं. आधी म्हणजे कधी? इथे आपली माणसं हटकून चुकतात, कारण बर्फ म्हणजे थंडी एवढंच डोक्यात असतं. महाबळेश्वरला गारठा बाजारपेठेतही असतो, पण हिमकणांचे फोटो येतात ते वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडचे. तिथे पारा खाली असतोच, शिवाय ओल असते. विमानालाही दोन्ही लागतं. नियम असा: तापमान १० अंश किंवा कमी, आणि सोबत दिसणारी ओल. म्हणजे ढग, पाऊस, बर्फ किंवा दृश्यमानता १६०० मीटरच्या खाली नेणारं धुकं. अधिक १० ला कसला बर्फ, असं विचारणारा एक तरी भेटतोच. इंजिन हवा ओढतं, तोंडाशी तिचा वेग वाढतो, दाब पडतो आणि तापमानही. बाहेर ६ अंश असताना आत गोठायला वेळ लागत नाही.

उलट ३६,००० फुटांवर उणे ५५ मध्ये ही बटणं चालू ठेवून इंधन जाळण्यात काही अर्थ नाही. चढताना आणि क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ उडताना, उणे ४० च्या खाली त्यांची गरज नसते. तिथे पातळ पाणी उरतच नाही, असतात ते कोरडे स्फटिक, आणि ते थंड धातूला चिकटत नाहीत.

हे सगळं फालतू बारकावे वाटत असतील तर १३ जानेवारी १९८२ चं एअर फ्लोरिडाचं फ्लाइट ९० आठवा. वॉशिंग्टनच्या बर्फातून फ्लोरिडाच्या उन्हात निघालेलं बोइंग ७३७, म्हणजे आपल्याच आवडीचा रूट. फवारा मारून झाल्यावर जवळजवळ ४९ मिनिटांनी ते धावपट्टीवरून निघालं, तोवर पंखांवर पुन्हा बर्फ साचला होता. इंजिनांचं अँटी-आइस बंदच होतं. त्यामुळे दाब मोजणारे प्रोब गोठले आणि काटे २.०४ ईपीआर (इंजिनाच्या जोराचं माप) दाखवत राहिले. प्रत्यक्षात जोर होता १.७० च्या आसपास. विमान १४व्या स्ट्रीटच्या पुलावर आदळून पोटोमॅकमध्ये कोसळलं, ७८ माणसं गेली. फवाऱ्याची मुदत टळली होती आणि बटण दाबलं नव्हतं. एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली नाही, कारण ती कामंच वेगळी.

आता ग्रान कनारिया. खाली २२ अंश आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उणे ४० ची सवलत उतरताना लागू नाही. वाटेत ढगाचा थर असेल तर इंजिनाची बटणं उतरण सुरू करण्याआधी दाबायची आणि ढगातून बाहेर पडल्यावर बंद करायची. विंगचं बटण, बर्फ धरताना दिसला तर. अँटी-आइस चालू असताना आयडल, म्हणजे इंजिनाचा किमान जोर, थोडं वाढतं, विमान खाली यायला कुरकुरतं. त्यामुळे मी उतरण दोन-चार मैल आधीच धरतो, स्पीडब्रेक (वेग मोडणाऱ्या पंखावरच्या झडपा) ओढत बसत नाही.