चढाईची फळी (कबड्डी)

कबड्डीच्या संघात गुण मिळवण्याचा सगळा भार एका हुकमी चढाईपटूवर न टाकता तो तीन, चार किंवा पाच बेताच्या ताकदीच्या चढाईपटूंत वाटून देण्याच्या संघरचनेला चढाईची फळी म्हणता येते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या गावसंघांत ही रचना ठळकपणे आढळते आणि तिचे मूळ डावपेचापेक्षा तिथल्या जगण्यात अधिक आहे. एकट्याच्या बळावर सामना फिरवणारा खेळाडू कोकणात घडत नाही असे मुळीच नाही. तो घडतो आणि नोकरीसाठी मुंबईला जातो. पोलीस, रेल्वे, बँका आणि मोठ्या कंपन्या यांच्या व्यावसायिक संघांनी गेल्या कित्येक दशकांत कबड्डीपटूंना पोटापाण्याचा आधार दिला आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण त्याच कारणाने गावाच्या संघातला पहिला गडी शिमग्याला किंवा गणपतीला सुटी मिळाली तरच मैदानात दिसतो. जो गावात राहतो त्याचाही नेम नसतो. किनाऱ्यावरच्या संघात सामन्याच्या संध्याकाळी एखादा खेळाडू बोटीवरून परतलेला नसतो, तर फाल्गुन उलटला की आंब्याच्या बागांतली कामे आणखी दोघांना अडकवतात. अशा संघाला एकावर विसंबणे परवडत नाही.

ही रचना नुसती नाइलाजाची मात्र नाही, कारण कबड्डीचे नियमच तिला बळ देतात. संजीवनी, गामिनी आणि अमर या जुन्या प्रकारांपैकी संजीवनीच्या वळणाने आजची कबड्डी खेळली जाते. तिच्यात बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी, ज्या क्रमाने बाहेर गेला त्याच क्रमाने, परत आत येतो. संघातला सर्वांत तरबेज चढाईपटू पकडला गेला की त्याला उठवण्याचे काम अर्थातच उरलेल्यांवर येते, आणि ते उरलेले जर नुसते दम घालवून परत येणारे असतील तर तो बाकावर बसून राहतो आणि संघावर लोण चढतो, म्हणजे त्याचे सगळे गडी बाद होतात. प्रतिपक्षाच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या बोनस गुणाने फलक हलतो, पण बाद गडी जिवंत होत नाही. शिवाय बोनस रेषेचा लाभ प्रतिपक्षाचे सहा किंवा सात गडी मैदानात असतानाच मिळतो. म्हणून पहिला चढाईपटू बाहेर असताना खरी गरज असते ती कुणाला तरी स्पर्श करून परत येऊ शकणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गड्याची.

दमाचा हिशेबही याच बाजूने बोलतो. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि एका चढाईला ३० सेकंद मिळतात. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले तर ४० मिनिटांत ८० चढाया, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४० येतात. यांतल्या २५ चढाया एकच गडी करू लागला की उत्तरार्धात त्याचे पाय जड होतात, वळण उशिरा बसते आणि पूर्वार्धात ज्या कोपऱ्याला, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूला, त्याने चार वेळा चकवले तोच कोपरा त्याचा घोटा धरतो. शिवाय समोरचा बचावही शिकत असतो. एकाच खेळाडूची पावले पंचवीस वेळा पाहिल्यावर तो कोणत्या पायाने पुढे सरकतो, हात कधी टाकतो आणि निदान रेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा, पार केल्यावर किती वेळ थांबतो हे सगळे पाठ होते. चार निरनिराळे गडी आळीपाळीने येऊ लागले की ही ओळख जमत नाही.

यासाठी चारही जण वेगळ्या घाटाचे असावे लागतात, आणि संघबांधणीतली खरी नजर इथे लागते. एकाच प्रकारचे चार चढाईपटू म्हणजे एकच चढाईपटू चार वेळा. एखादा डाव्या बाजूने शिरणारा असला तर दुसरा उजव्या बाजूने शिरणारा हवा, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांना सारखेच जागे राहावे लागते. एक लांब हाताचा, एक पायाने लाथ किंवा निसटता स्पर्श करणारा, एक उंचीने कमी पण बचावपटूंनी हात धरून केलेल्या साखळीखालून डुबकी मारून सुटणारा, आणि एक केवळ बोनस रेषेवर डोळा ठेवून गुपचूप एक गुण आणणारा, अशी फळी जुळली तर तिच्यातल्या कुणाचेही नाव गावाबाहेर ठाऊक नसले तरी ती भारी पडते. अडचण जागेची आहे. मैदानात सातच गडी उतरतात आणि त्यांत दोन कोपरे व दोन मध्यरक्षक धरले की चढाईसाठी तीनच जागा उरतात. चौथा आणि पाचवा चढाईपटू हवा असेल तर मध्यरक्षकाच्या जागी उभा राहून साखळीत हात धरणारा अष्टपैलू गडी तयार करावा लागतो. राखीव पाच खेळाडूंत एक ताजा चढाईपटू ठेवणे हा दुसरा मार्ग, आणि बहुतेक चांगले संघ दोन्ही करतात.

भातकापणी उरकली की मळ्यात पाणी मारून, चोपून, फक्कीच्या रेषा आखून लाल मातीचे मैदान तयार होते आणि तिथपासून शिमग्यापर्यंत स्पर्धांचा हंगाम चालतो. अशा मैदानावर या रचनेची कसोटी सहसा तिसऱ्या चढाईला लागते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. समजा, संघाचा पहिला गडी पकड होऊन बाकावर बसला आहे, समोर चार जण उरले आहेत, म्हणजे बोनसही नाही, आणि संघनायक ज्याला पाठवतो तो संघातला चौथा चढाईपटू आहे. तो घाई करत नाही. कबड्डी कबड्डी म्हणत डाव्या कोपऱ्याकडे दोन पावले टाकतो, निदान रेषा ओलांडतो, आणि पाऊल मुद्दाम थोडे अधिक पुढे ठेवतो. कोपरा घोट्यावर झेपावतो तोच हे पाऊल मागे आलेले असते आणि त्याला साथ द्यायला सरकलेल्या मध्यरक्षकाच्या खांद्यावर या गड्याच्या बोटांची टोके टेकलेली असतात. तिथून मध्यरेषेपर्यंतची उडी, मातीत घासलेली कोपरे, पंचांचा वर गेलेला हात. गुण एकच मिळतो, पण बाकावरचा पहिला गडी उठून आत येतो. फलकावर जेवढे दिसते त्याच्या दुप्पट मोल या एका गुणाचे असते.

व्यावसायिक कबड्डीतही याचे दाखले मिळतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून लिलावात सर्वाधिक बोली बहुधा चढाईपटूंवर लागली आहे आणि एकट्याने मैदान गाजवणारे खेळाडू घरोघरी पोचले आहेत. प्रदीप नरवालने पाचव्या मोसमात चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्स विजेता ठरला, हे हुकमी चढाईपटूच्या बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. पण सातव्या मोसमात याच खेळाडूने ३०० हून अधिक गुण मिळवूनही पाटणा बाद फेरी गाठू शकला नाही. आठव्या मोसमाआधी तो १ कोटी ६५ लाख रुपयांना यूपी योद्धा संघाकडे गेला, आणि पाटण्याने सचिन तंवर, मोनू गोयत, प्रशांत राय आणि गुमान सिंग यांच्यात चढाया वाटून साखळी फेरीत पहिले स्थान मिळवले, उपांत्य सामन्यात यूपी योद्धालाच हरवले आणि २५ फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून ३६–३७ असा अवघ्या एका गुणाने पराभव पत्करला. या यशात मोहम्मदरेझा शादलुई या इराणी कोपरारक्षकाचा वाटा फार मोठा होता हे विसरून चालणार नाही. चढाईची फळी भक्कम पकडीशिवाय उभी राहत नाही. त्याच अंतिम सामन्यात दिल्लीच्या नवीन कुमारने १३ गुण मिळवले, तर दुसरा चढाईपटू मानल्या गेलेल्या विजय मलिकने १४.

महाराष्ट्राला जवळचा दाखला दहाव्या मोसमाचा आहे. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले आणि तो संघ तळाला राहिला. एका थोर खेळाडूला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या सोबतीला पुरेसे हातच नव्हते. पुणेरी पलटणने मात्र अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे आणि पंकज मोहिते अशी फळी बांधली, साखळी फेरीत अव्वल राहिली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात सर्वाधिक ९ गुण कर्णधार इनामदारचे नव्हते; ते मोहितेचे होते. समोरच्या संघाने कुणाची तयारी करून यावे, हाच प्रश्न पलटणने अवघड करून ठेवला होता.

या रचनेची उणीव सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत उघडी पडते. चार गुणांनी मागे असताना एका चढाईत तीन गडी टिपणारी अव्वल चढाई करण्याची कुवत बेताच्या चढाईपटूत क्वचितच असते, आणि आता कुणी जायचे यावर संघात क्षणभर जरी चुळबुळ झाली तरी ती चढाई वाया जाते. म्हणून असे संघ शेवटच्या चढायांचा क्रम मैदानात उतरण्यापूर्वीच ठरवतात आणि पिछाडी मोठी होऊच द्यायची नाही या बेताने सुरुवातीपासून एकेक गुण जोडत खेळतात. मैदानात आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो. या अव्वल पकडीचा आधारही त्यांना मोठा असतो.

महिलांच्या संघांत फळीची गरज आणखी तीव्र आहे, कारण लग्नानंतर चांगली चढाईपटू दुसऱ्या गावी जाते आणि संघ एका हंगामात रिकामा होतो. ज्या गावांत महिला कबड्डी टिकली तिथे बहुधा शाळेच्या पटांगणावर किशोरी गटापासून प्रत्येक मुलीला चढाईला पाठवण्याचा शिरस्ता आहे. सरावात पाळी ठरलेली असते: जी चढाई करून आली ती लगेच कोपऱ्यात उभी राहते, कोपऱ्यातली मध्ये सरकते आणि मध्यातली दम धरून मध्यरेषेकडे जाते. पकडीत निष्णात असलेल्या मुलीलाही यातून सूट नाही. सुरुवातीचे काही आठवडे अशा मुली रेषेला पाय लावून रिकाम्याच परत येतात. मग एखाद्या संध्याकाळी त्यांतली एखादी कुणाच्या तरी मनगटाला बोट लावून मध्यरेषा ओलांडते, आणि पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिच्या नावापुढे बचावपटूऐवजी अष्टपैलू असे लिहिले जाते.