ग्रेटफुल डेडच्या टेपा

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या कार्यक्रमांचे श्रोत्यांनी स्वतः केलेले ध्वनिमुद्रण, त्या टेपांची विनामूल्य देवाणघेवाण आणि त्या पुन्हापुन्हा ऐकून, ताडून पाहून घडलेली रसिकांची परंपरा. तिचे रूढ नाव ‘टेपिंग’. मुद्रण करणारा तो ‘टेपर’ आणि बँडचा निष्ठावंत श्रोता तो ‘डेडहेड’. हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला आणि गिटारवादक-गायक जेरी गार्सिया (१९४२–१९९५) यांच्या निधनानंतर थांबला. या तीस वर्षांत त्याचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले, तर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले अल्बम अवघे तेरा. बँडची खरी कामगिरी अल्बमांत शोधू नये, टेपांत शोधावी, असे जाणकार सांगतात; दोन्ही ऐकणाऱ्याला ते पटल्याशिवाय राहत नाही.

याचे कारण बँडच्या वाजवण्याच्या रीतीत आहे. गाण्याचे शब्द आणि चाल ठरलेली असे, पण मधला भाग मोकळा सोडलेला असे. तिथून गिटार, बास, कीबोर्ड आणि ड्रम एकमेकांचे ऐकत वाट काढत आणि कधीकधी मूळ गाण्याकडे परत न येता दुसऱ्याच गाण्यात उतरत. कोणती गाणी वाजवायची हेही बहुधा मंचावरच ठरे, आणि लागोपाठच्या दोन रात्रींचे कार्यक्रम सारखे नसत. अशा वादनाला ‘जॅम’ म्हणतात, आणि असे वाजवणाऱ्यांना पुढे ‘जॅम बँड’ हे नाव पडले. ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ मध्ये तबकडीवर आले तेव्हा ते तीन मिनिटांचेही नव्हते. २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये ते तेवीस मिनिटे चालले. हेच वादन ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमात आहे. २७ ऑगस्ट १९७२ ला ऑरेगन राज्यातल्या व्हेनेटा इथे, उघड्या मैदानात आणि अंग भाजणाऱ्या उन्हात झालेल्या कार्यक्रमात त्याने अर्धा तास ओलांडला. एकाच गायकाचा यमन वेगवेगळ्या मैफलींत ऐकलेल्या मराठी श्रोत्याला यातली गोडी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की इथे विस्तार एकट्याचा नसतो. पाच-सहा जण एकाच वेळी तो करत असतात आणि पुढचे वळण कोण घेणार हे त्यांनाही आधी ठाऊक नसते.

टेपांचा उगम दोन ठिकाणी सापडतो. पहिला बँडच्या आतच. ध्वनियोजना सांभाळणारे आउस्ली स्टॅन्ली (१९३५–२०११) हे एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे अमली द्रव्य बनवणारे म्हणून जगाला माहीत आहेत, पण त्यांच्या कानाची कीर्तीही तेवढीच मोठी होती. आपण मंचावरून काय आवाज देतो आहोत हे तपासण्यासाठी ते कार्यक्रम टेप करत आणि बँडसोबत बसून तो ऐकत. या टेपांना ते ‘ध्वनींच्या रोजनिशा’ म्हणत. दुसरा उगम श्रोत्यांत. साठच्या दशकाच्या अखेरीस काही जण कोटाखाली, पिशवीत लपवून रेकॉर्डर सभागृहात नेऊ लागले. दारावर झडती होई, यंत्र अडवले जाई. पण गार्सिया यांना या मंडळींविषयी आपलेपणा होता, कारण ते स्वतः याच वाटेने आले होते. १९६४ मध्ये बँड अस्तित्वातही नसताना ते एका मित्राबरोबर टेप रेकॉर्डर घेऊन निम्मा देश ओलांडून ब्लूग्रास या अमेरिकी लोकधाटणीच्या संगीताचे कार्यक्रम ऐकायला आणि टेप करायला गेले होते. आम्ही वाजवून झालो की ते संगीत श्रोत्यांचे, ही भूमिका त्यांनी पुढे अनेकदा मांडली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये टेपा बदलून घेणाऱ्यांची मंडळे सुरू झाली, आणि १९७४ मध्ये त्यांच्यातूनच ‘डेड रेलिक्स’ नावाचे पत्रक निघाले. आजचे ‘रेलिक्स’ हे संगीतविषयक नियतकालिक त्याचेच पुढचे रूप. देवाणघेवाणीचा एकच कडक नियम होता : टेप विकायची नाही. ज्याच्याजवळ बदल्यात द्यायला काही नाही, त्या नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल तिकीट पाठवायचे. समोरचा त्या भरून परत पाठवी. अनोळखी माणसासाठी रात्र रात्र डेकसमोर (कॅसेट भरण्याच्या यंत्रासमोर) बसून कॅसेटी भरणारे हजारो लोक या नियमाने एकमेकांशी जोडले गेले, आणि अशी टेप हाती आलेला पुढच्याला नाही म्हणत नसे. या परंपरेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. टेपा विकून पैसे करणारेही होते, पण जाणत्या संग्राहकांत त्यांना मान नव्हता.

सरावलेल्या टेपरचे काम बारकाव्याचे असे. उंच स्टँडवर चांगल्या माइकची जोडी, खाली सोनी किंवा नाकामिचीचा डेक आणि मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी हा सरंजाम. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, मात्र ‘डार्क स्टार’ त्यासाठी थांबत नाही. त्यामुळे कॅसेट केव्हा उलटायची हा मोठाच पेच असे. दोन गाण्यांच्या मधली फट, किंवा कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागातले ड्रमचे लांब वादन, ही उलटण्याची मान्य ठिकाणे. अंदाज चुकला तर सुरावट ऐन रंगात तुटे, आणि ती तूट दुसऱ्या कुणाच्या टेपने सांधावी लागे. एका माइकच्या जोडीला एकामागून एक डेक जोडून दहाबारा जण एकाच वेळी मुद्रण करत. माइकजवळ बोलायचे नाही, शिट्टी मारायची नाही, टाळ्याही जपून.

अशा माइकांचे अक्षरशः जंगल उभे राहू लागले, आणि तेही नेमके मिक्सरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्राच्या पुढ्यात, कारण तिथला आवाज सर्वांत समतोल. बँडचे ध्वनियोजक डॅन हीली यांना मंच दिसेनासा झाला. बंदी घालण्याऐवजी बँडने ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमापासून मिक्सरच्या मागे टेपरांसाठी स्वतंत्र विभाग राखला आणि त्याची वेगळी तिकिटे काढली. पूर्वी जे लपून करावे लागे ते आता तिकीट काढून उजेडात होऊ लागले. आपली टेप हातोहात वाटली गेली तर पुढच्या कार्यक्रमाला आणखी श्रोते येतील, हा हिशेब त्यामागे पहिल्यापासून होता असे नाही, पण घडले तसेच. रेडिओवर गाजलेले, पहिल्या दहांत पोचलेले या बँडचे गाणे एकच, १९८७ चे ‘टच ऑफ ग्रे’. तरीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कार्यक्रमांच्या मिळकतीत तो अमेरिकेतल्या अग्रगण्य बँडांपैकी होता.

टेपांचे दोन मुख्य प्रकार. ‘साउंडबोर्ड’ म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेली. तिच्यात प्रत्येक वाद्य स्वच्छ, जवळून ऐकू येते. ‘ऑडियन्स’ म्हणजे श्रोत्यांतून माइकने घेतलेली. नवखा साउंडबोर्डच मागतो आणि पुष्कळांची आवड तिथेच थांबते. पण चांगली ऑडियन्स टेप काही वेगळेच देते : सभागृहाचा घुमारा, छातीवर आदळणारा बास आणि ओळखीच्या गाण्याचा पहिला सूर निघताच हजारो लोकांतून उठलेली लाट. साउंडबोर्डमध्ये टाळ्या कुठूनतरी लांबून येतात. मैफलीला बसल्याचा भास हवा असेल तर ऑडियन्स टेपच ऐकावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हीली यांनी दोन्हींचे मिश्रण करून टेपा काढल्या. त्याही फार नावाजल्या जातात.

कॅसेटच्या काळात ‘पिढी’ या शब्दाला वजन होते. मूळ टेपची नक्कल पहिली पिढी, तिची नक्कल दुसरी. प्रत्येक पिढीत मागची ‘सूं’ वाढे, वरचे सूर बोथट होत, एखाद्या डेकचा वेग कमीजास्त असला तर पट्टीही हले. सहाव्या-सातव्या पिढीची टेप ऐकणे म्हणजे भिंतीपलीकडचे गाणे ऐकणे. तरीही लोक ती जिवापाड जपत, कारण त्या रात्रीचे दुसरे काही हाती नसे. कॅसेटच्या कार्डावर बारीक अक्षरांत तारीख, सभागृह, गाण्यांचा क्रम आणि टेप कोणकोणत्या डेकवरून उतरत आली हे लिहिलेले असे. एक गाणे न थांबता पुढच्यात शिरले की मध्ये बाण. कार्यक्रमांना नावे नसतात, तारखाच त्यांची नावे. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, म्हणून ५/८/७७ ही ८ मे १९७७, पाच ऑगस्ट नव्हे. मराठी वाचकाने हे एकदा मनाशी पक्के करावे. १९८७ पासून ‘डेडबेस’ या ग्रंथाच्या आवृत्त्या निघू लागल्या आणि कुठल्या रात्री काय वाजले याची सूची घरोघरी पोचली.

८ मे १९७७ या तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. त्या रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये बँडने कार्यक्रम केला. मे महिना असून बाहेर बर्फ पडले. बँड नुकताच एका काटेकोर निर्मात्याच्या हाताखाली स्टुडिओत घासूनपुसून निघालेला होता आणि त्या वसंतातले सारे वादन बांधेसूद आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभी ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये होणारा प्रवेश सुमारे पंचवीस मिनिटांच्या वादनात असा अलगद होतो की शिवण सापडत नाही. भागाच्या शेवटी ‘मॉर्निंग ड्यू’ येते. त्यात गार्सियांचे गिटार कुजबुजीपासून चढत चढत जाते, आणि सगळा बँड त्याच्याबरोबर चढतो.

ही टेप बेटी कँटर-जॅक्सन यांची. रॉक कार्यक्रमांचे मुद्रण करणाऱ्या स्त्रिया त्या काळी विरळाच. मिक्सरमधून स्वतंत्र जोडणी घेऊन त्या नाग्रा या टेप रेकॉर्डरच्या स्पुलांवर केवळ ध्वनिमुद्रणासाठी वेगळा समतोल साधत. त्यांच्या टेपांत बासला गोलाई आहे आणि दोन ड्रमर डावी-उजवीकडे वेगवेगळे ओळखू येतात. पुढे बँडशी त्यांचा संबंध तुटला, ओढगस्तीचे दिवस आले, सामान ठेवलेल्या गाळ्याचे भाडे थकले आणि १९८६ मध्ये आतल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात स्पुलांच्या पेट्या होत्या. त्या घेणाऱ्यांच्या हाती पडल्या, काहींना बुरशी लागली. रसिकांनी त्या दुरुस्त करून नकला काढल्या आणि १९८७ पासून ‘बेटी बोर्ड्‌स’ या नावाने त्या देशभर पसरल्या. कॉर्नेलच्या कीर्तीत या नकलांच्या निर्मळ आवाजाचा मोठा वाटा आहे. आदल्या रात्रीचा बॉस्टनचा आणि दुसऱ्या दिवशीचा बफेलोचा कार्यक्रम त्याच्या तोडीचे आहेत, असा वाद संग्राहक आजही घालतात. अमेरिकी संसदेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाने बार्टन हॉलची टेप २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतली, तेव्हा ती बाजारात अधिकृतपणे आलेलीही नव्हती. ते व्हायला २०१७ उजाडले.

बँडच्या स्वतःच्या टेपांचा साठा सांभाळायला जे आले ते डिक लाटवाला (१९४३–१९९९) मुळात टेपा गोळा करणारे चाहते होते. १९९३ मध्ये त्यांच्या निवडीची ‘डिक्‌स पिक्स’ ही माला सुरू झाली. तिचा पहिला खंड टॅम्पा इथला १९ डिसेंबर १९७३ चा कार्यक्रम, आणि २००५ पर्यंत असे ३६ खंड निघाले. त्यांच्या मागून डेव्हिड लेम्यू आले. त्यांची माला २०१२ पासून चालू आहे. १९७२ च्या युरोप दौऱ्यातले सर्वच्या सर्व २२ कार्यक्रम २०११ मध्ये ७३ सीडींत एकत्र निघाले, यावरून श्रोत्यांच्या भुकेची कल्पना यावी.

मुरलेला श्रोता बँडचे काळ कानाने ओळखतो. १९६८–७० चे वादन रांगडे, उसळते. १९७१ ते १९७४ या काळात दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट बँडबाहेर होते आणि बिल क्रॉइट्झमन एकटेच ड्रम वाजवत. त्यामुळे लय लवचीक झाली आणि जॅझच्या जवळ गेली. फिल लेश यांचा बास साथ सोडून स्वतःची सुरावट बोलू लागतो तो याच काळात जास्त. मोकळ्या वादनाची सर्वांत समृद्ध वर्षे हीच. १९७७ नंतर घडण घट्ट होत जाते. अखेरच्या वर्षांत गार्सियांची प्रकृती खालावल्याचे टेपांतही ऐकू येते; तरी २९ मार्च १९९० ला सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणे म्हणून आले, तेव्हा बँड पुन्हा तरुण होऊन वाजला आहे.

संगणकांमुळे पिढ्यांचा प्रश्न मिटला, कारण अंकीय नकलेत झीज होत नाही. २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या अंकीय ग्रंथालयाने थेट मैफलींचा संग्रह उघडला आणि डेडचे हजारो कार्यक्रम तिथे जमा झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये ते उतरवून घेण्याची सोय बँडच्या सांगण्यावरून अचानक काढली गेली. रसिक दुखावले, निषेधाचे अर्ज निघाले आणि खुद्द फिल लेश यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. काही दिवसांतच श्रोत्यांच्या टेपा पुन्हा खुल्या झाल्या. साउंडबोर्ड मात्र तेव्हापासून तिथल्या तिथे ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. फिश आणि इतर पुष्कळ जॅम बँडांनी टेपरांना मुभा देण्याची ही रीत पुढे चालवली.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांना भेटले आणि तालाची आवर्तने मोजायला त्यांच्याकडून शिकले. अकरा मात्रांत चालणारे ‘द इलेव्हन’ हे डेडचे गाणे टेपांत ऐकताना या शिकवणीची आठवण होतेच. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन (१९५१–२०२४) कॅलिफोर्नियात गेल्यावर हार्ट यांचे जन्माचे सोबती झाले. ‘डिगा’ (१९७६) आणि ‘प्लॅनेट ड्रम’ (१९९१) हे अल्बम ही दोघांच्या सहवासाची फळे. आउस्ली स्टॅन्ली यांच्या रोजनिशांतही झाकीर सापडतात. २९ मे १९७० ला सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकाठच्या फॅमिली डॉग या सभागृहात उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन झाले. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य, तबल्यावर एकोणीस वर्षांचे झाकीर. स्टॅन्ली यांनी ती मैफल डेडच्या कार्यक्रमाइतक्याच निगुतीने टेप केली होती. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता कुणालाही ऐकता येते.