‘करत नाही’ की ‘करता येत नाही’?

सहावीच्या पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक मिळालं की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “तसा हुशार आहे हो, पण आळशी आहे.” शिक्षकही मान डोलावतात. वाक्य दोन्ही बाजूंच्या सोयीचं आहे. हुशारीचा मान राहतो आणि दोष मुलाच्या नावावर जमा होतो. पंचाईत अशी की या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळी मुलं कोंबली जातात. एकाला अभ्यास येतो, पण करावासा वाटत नाही. दुसऱ्याला तो करायचा असतो, पण वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांपैकी एखादी गोष्ट बुद्धी चांगली असूनही जमत नाही. या दुसऱ्या अवस्थेला अध्ययन अक्षमता म्हणतात. डिसलेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, हा तिचा सर्वांत ऐकिवातला प्रकार.

चौथीपर्यंत हे बरंचसं झाकलेलं राहतं. बाई एकच असतात, धडा वर्गात चार-चार वेळा वाचला जातो आणि कानानं टिपणारं मूल न वाचताही निभावून नेतं. पाचवीत अनेकांची शाळाच बदलते. तासागणिक शिक्षक बदलतात, सहावीपासून विज्ञान, इतिहास, भूगोल आपापली वजनदार पुस्तकं घेऊन येतात. सेमी-इंग्रजी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आता धडा घरून वाचून यायचा असतो, आणि तिथेच गाडी अडते.

कंटाळलेल्या मुलाची वही पाहिली तर पहिली दहा पानं सुवाच्य, पुढे अक्षर वाहत गेलेलं, शेवटी कोरी पानं. आवडत्या विषयात मात्र हेच मूल नीट लिहितं. चुका मूडप्रमाणे बदलतात. कारण बहुधा शोधलं तर सापडतं : नव्या शाळेत जीव रमत नाही, एखाद्या सरांची धास्ती आहे, घरात भांडणं चालू आहेत, किंवा सरळ सांगायचं तर रात्री बारापर्यंत मोबाइल. इथे समुपदेशकानं मुलाशी बोलायचं आणि आईवडिलांनी झोपेची वेळ सांभाळायची, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

अक्षमता असलेल्या मुलाच्या वहीत चुकांची जात एकच असते, विषय आवडता असो वा नावडता. जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गळते. सर्वांत बोलकी खूण म्हणजे तोंड आणि हात यांतली तफावत. जलचक्र विचारा, मूल हातवारे करत सगळं सांगेल. तेच लिहायला द्या, दीड ओळ येईल.

एकेका चुकीवरून निदान मात्र करू नये. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी काढावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अडचण मात्र खरीच होती. दुसरीतल्या मुलानं २५ चे ५२ केले तर बिघडलं नाही. सहावीतही ते सतत होत असेल तर पाहायला हवं.

आता खरी गुंतागुंत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला वर्गात ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘आळशी’ ठरणं परवडतं. (ब्राह्मीपासून आकार न बदललेल्या त्या बिचाऱ्या अक्षरावर हा आळ का, कोण जाणे.) म्हणून ते वही विसरतं, वाचनाच्या तासाला पोट दुखतं, मागच्या बाकावर विनोद करतं. बाहेरून दिसतो तो कंटाळा. त्याखाली कित्येक वर्षांची दमछाक असू शकते. माझं मत विचाराल तर या वयात ‘आळशी’ हा शब्द अडचण तपासून झाल्याशिवाय उच्चारूच नये. आणि आणखी एक शिकवणी लावणं हे दोन्हींपैकी कशावरच औषध नाही.

तपासायचं कसं? आधी डोळे आणि कान. मग तिसरीपासूनच्या जुन्या वह्या रद्दीवाल्याला न देता समुपदेशकासमोर ठेवायच्या. अडचण जुनी की यंदाची, हे त्यांतच दिसतं. समुपदेशक विषयशिक्षकांशी बोलतो, वर्गात मुलाला पाहतो, पण अक्षमतेचं प्रमाणपत्र देत नाही. त्यासाठी बुद्ध्यांक आणि शैक्षणिक कौशल्यांच्या चाचण्या लागतात. मुंबईत त्या सायन, नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांत होतात. शाळेत समुपदेशक नसेल, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तो क्वचितच असतो, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत या अक्षमतेचाही समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळणं ही मेहेरबानी नव्हे.

‘दिव्यांग’ शब्दानं पालक बिचकतात, कागद नको म्हणतात. तो कागद येईपर्यंतही बरंच करता येतं. इतिहासाचा एक धडा मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा आणि दहा प्रश्न तोंडी विचारा. उत्तरं तुम्हीच टिपून ठेवा. दोन दिवसांनी तेच प्रश्न त्याला लिहायला द्या. मग दोन्ही कागद घेऊन शाळेत जा.