तळ होता की नव्हता?

ताजिकिस्तानातल्या अयनी विमानतळावरून भारत २०२२ मध्येच बाहेर पडला होता. लोकांना ते कळलं २०२५ च्या ऑक्टोबरअखेर. परराष्ट्र खात्याचं म्हणणं असं की विमानतळाच्या दुरुस्ती आणि विकासासाठी दोन देशांत एक व्यवस्था होती, तिची मुदत संपली, जागा ताजिक सरकारकडे सोपवली. टीकाकार म्हणाले, मध्य आशियातला आपला एकमेव तळ गेला.

गोम 'तळ' या शब्दातच आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतात आणि वाटेत तळ टाकतात. ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या त्याच्याशी बोलणी आधीच होतात: किती रात्री, किती धान्य. त्याला लेंडीखत मिळतं. मुदत भरली की जाळी, भांडी घोड्यावर लादून वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, पुढे सरकतो. माघार घेतली असं कुणी म्हणत नाही. उलट जुन्या खानदेशातल्या मालेगावात पलटणी जाऊन पिढ्या लोटल्या, तरी तो भाग अजून 'कॅम्प'च.

अयनी यातलं नेमकं कुठलं, हे सरकारने कधी स्पष्ट बोलूनच दाखवलं नाही. तिथली धावपट्टी ३,२०० मीटरपर्यंत वाढवली, त्यावर सात-आठ कोटी डॉलर खर्च झाल्याचं छापून आलं. पाकव्याप्त काश्मीर तिथून फार लांब नाही, मधे अफगाणिस्तानची वाखानची चिंचोळी पट्टी. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून काढलेले काही भारतीय ताजिक राजधानी दुशान्बेमार्गेच घरी आले. पण रशियाचा मोठा तळ त्याच देशात, शेजारी चीन. तिसऱ्याला तिथे किती पाय पसरू देतील? बाहेर पडण्याला इलाज नसेलही. तीन वर्षं गप्प बसणं मात्र महागात पडलं, कारण अंदाज बांधायला सगळ्यांना मोकळं रान मिळालं.

मालदीवमध्ये हेच भरचौकात झालं. २०२३ ची निवडणूक 'भारत हटाव'वर लढली गेली, १० मे २०२४ च्या मुदतीआधी आपले गणवेशातले जवान परतले आणि भारताने दिलेली तीच दोन हेलिकॉप्टरं व एक डॉर्नियर विमान चालवायला मुलकी तंत्रज्ञ गेले. काम तेच, कपडे बदलले. जुलै २०२५ मध्ये त्याच मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला आपले पंतप्रधान पाहुणे होते, आणि ४,८५० कोटी रुपयांचं कर्जही जाहीर झालं.

जुने दाखले इतके सौम्य नाहीत. ब्रिटन इराणच्या आखातातून निघालं, तेव्हा तिथल्या अमिरातींशी असलेला संरक्षणाचा करार संपायच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९७१ ला, इराणने अबू मुसा आणि दोन्ही तुंब बेटांवर सैन्य उतरवलं. बहारीनमधली ब्रिटिशांची नाविक जागा अमेरिकेने घेतली. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये १२ विरुद्ध ११ मतांनी सुबिक इथल्या अमेरिकी नाविक तळाचा करार फेटाळला. अमेरिकी नौदल पुढच्या वर्षी गेलं, १९९५ मध्ये चीन फिलिपिन्सजवळच्या मिस्चीफ प्रवाळखडकावर येऊन बसला, आणि २०१४ मध्ये मनिलानेच नवा करार करून अमेरिकी सैन्याला आपल्या तळांवर पुन्हा जागा दिली.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर ब्रिटन-अमेरिकेचा लष्करी तळ आहे, त्याचं गणित उलटं. २२ मे २०२५ च्या करारात ब्रिटनने चागोस बेटांवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व कबूल केलं आणि तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून ठेवला. भारताने त्याचं स्वागत केलं.