मेंढीच्या खुरातली दोन अक्षरं

1 ऑक्टोबर 2024 पासून स्वित्झर्लंडने खूर सडवणाऱ्या रोगासाठी (फूटरॉट) देशभरातल्या मेंढ्यांचे खूर तपासायला घेतले आहेत. खुराच्या बेचक्यातून कापसाचा बोळा फिरवायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि तिथे जिवाणूच्या एका जनुकातली फक्त दोन अक्षरं वाचायची. मला या तपासणीने अक्षरशः वेड लावलं आहे.

पावसाळ्यात मेंढरू लंगडलं की आपण चिखलाला दोष देतो. चिखल दार उघडून देतो, इतकंच. सतत ओल्या राहिलेल्या बेचक्यातली कातडी मऊ पडते, तिथे शेणामातीतला फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू शिरतो. गाईगुरांत तो एकटाही पाय सुजवतो. मेंढीचा खूर मात्र सडवतो तो दुसरा जिवाणू, डायकेलोबॅक्टर नोडोसस. हे संशोधक बेवरिज यांनी ऑस्ट्रेलियात 1941 साली दाखवून दिलं.

या जिवाणूला हवा सोसत नाही, म्हणून तो नखीखाली आत आत सरकतो. प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) तो बाहेर सोडतो. त्यांनी नखीचं कठीण कवच खालच्या जिवंत मांसापासून सुटत जातं. नखी उचलली की खाली करडा, कुबट वासाचा लगदा दिसतो. यातलं मुख्य विकर म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. तिच्यात 92 व्या जागी टायरोसिन असेल तर जिवाणू जहाल, आर्जिनिन असेल तर सौम्य. डीएनएत हा फरक टीए की सीजी, या दोन अक्षरांएवढाच! ही जागा विकराच्या एका वेटोळ्यावर आहे. गंधकाच्या बंधाने बांधलेलं हे वेटोळं भक्ष्य प्रथिनाला धरून ठेवतं. इलास्टिन हे प्रथिन घातलेल्या गढूळ थाळीत जहाल जिवाणू वाढवला, की काही दिवसांत त्याच्याभोवती स्वच्छ वलय उमटतं. सौम्य भावाला ते इतक्या लवकर जमत नाही.

पायात काळा दोरा बांधून हे विकर थांबत नाही. रक्त येईपर्यंत नखी तासल्यानेही नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासांत तासलेल्या मेंढ्या उशिराच बऱ्या झाल्या. वेळेवर प्रतिजैविकाचं इंजेक्शन, 10 टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवणं आणि आजारी मेंढरू वेगळं बांधणं, हे उपयोगी पडतं.

मात्र लंगडण्याबरोबर तोंडात फोड आणि लाळ दिसली, तर ती लाळ्या-खुरकूत असू शकते. ती विषाणूची, प्रतिजैविक त्या विषाणूला मारत नाही. तेव्हा आधी जनावराचं तोंड उघडून बघा.