डिकीतली स्टेपनी आणि धावते चाक : गाडीच्या वजनाचे दोन हिशेब

हॅचबॅकच्या डिकीत आडवी पडलेली स्टेपनी आणि त्याच गाडीच्या एक्सलवर बसवलेले चाक या पाहायला गेले तर एकसारख्याच वस्तू आहेत. पोलादी रिम आणि १८५/६५ आर १५ मापाचा टायर असे चाक काट्यावर ठेवले, तर ते कुठूनही काढलेले असो, साधारण १५-१६ किलो भरते. मात्र उभ्या गाडीला वेग द्यायची वेळ आली, की इंजिनाला या दोन चाकांचा भार सारखा लागत नाही. ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीसाठी, गाडी हलकी करण्याचा विषय निघाला की हा फरक एक तर विसरला जातो, नाही तर भलताच फुगवून सांगितला जातो. ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ हे वाक्य पुण्यातल्या गॅरेजांत मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा असे वाटले.

स्टेपनी, सीट, जॅक, टाकीतले पेट्रोल आणि खुद्द चालक हे सारे गाडीबरोबर सरळ पुढे जाते. स्वतःभोवती फिरत नाही. गॅरेजच्या भाषेत हे ‘डेड वेट’. चाके, टायर, ब्रेकच्या डिस्क, फ्लायव्हील (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, बसवलेली जड चकती), क्रँकची पुली हे भाग गाडीबरोबर पुढे तर जातातच, शिवाय स्वतःभोवती फिरतात; ते ‘फिरते वजन’. शास्त्राच्या काटेकोर भाषेत दोन्हीकडे वस्तुमान म्हणायला हवे, पण काट्यावर उभे राहून कोणी वस्तुमान विचारत नाही, म्हणून येथे वजन हाच शब्द ठेवला आहे.

आधी डेड वेट पाहू. ड्रॅग शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही शर्यत याच अंतरावर होत आली आहे. इंजिनाची शक्ती या संपूर्ण अंतरात साधारण सारखीच वापरली जाते असे धरले, तर लागणारा वेळ वजन भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. घनमूळ म्हटल्यावर दचकण्याचे कारण नाही; व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की वजन एक टक्का उतरले तर वेळ सुमारे एक तृतीयांश टक्का उतरतो. चालकासह १,००० किलो भरणारी आणि ८५ हॉर्सपॉवरची हॅचबॅक हे अंतर साधारण १७ सेकंदांत कापते. तिच्यातले १० किलो काढले, तर सुमारे ०.०६ सेकंद वाचतो. अमेरिकी शर्यतप्रेमींचा ‘शंभर पौंडांमागे दशांश सेकंद’ हा ठोकताळा आपल्याकडेही चालतो, पण तो त्यांच्या दीड टनाच्या पुढच्या आणि बारा-तेरा सेकंदांत धावणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपल्या हजार किलोच्या गाडीतून तेच शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो, उतरवले तर पाव सेकंदाच्या आसपास फायदा होतो. गाडी मुळात जितकी हलकी आणि संथ, तितका प्रत्येक किलो अधिक फळतो.

हे किलो शोधायला फार दूर जावे लागत नाही. स्टेपनी १५ किलो. जॅक आणि पाने मिळून ३ किलो. मागची सीट साधारण १५ ते २० किलो. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या आतबाहेर भरतो, त्यामुळे ३७ लिटरची टाकी भरून जाण्याऐवजी पाच-सहा लिटरच ठेवले तर २३-२४ किलो कमी होतात. (त्याहून खाली जाऊ नये, गाडी झटक्याने सुटते तेव्हा टाकीतले पेट्रोल मागे सरते आणि पंपाला ऐन वेळी हवा मिळते.) बेरीज ६० किलोंच्या घरात जाते, वेळेत साधारण ०.३५ सेकंदाचा फरक पडतो आणि खर्च शून्य.

आता फिरते वजन. रस्त्याला टेकलेला टायर घसरत नसेल, तर टायरचा बाहेरचा कड अक्षाभोवती ज्या वेगाने फिरतो तो वेग गाडीच्या वेगाइतकाच असतो. म्हणून अगदी कडेला असलेल्या एका किलोला पुढे नेण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच आणखी ते फिरवण्यासाठी लागते. तो किलो इंजिनाला दोन किलोंसारखा वाटतो, आणि चाकाच्या बाबतीत ही कमाल मर्यादा आहे, कारण कडेच्याही पलीकडे चाकात काहीच नसते. अक्षाकडे यावे तसा हा जादा भार अंतराच्या वर्गाप्रमाणे झपाट्याने घटतो. वर सांगितलेल्या टायरची बाहेरची त्रिज्या ३१० मिलिमीटर आहे आणि १५ इंची रिमची सुमारे १९०. म्हणून रिमच्या कडेवरचा किलो १.४ किलोंइतका होतो, टायरमधला साधारण १.८ आणि हबजवळचा जेमतेम १. पूर्ण चाकाचा मेळ घातला, तर डिकीत १५-१६ किलो असणारी वस्तू एक्सलवर चढल्यावर २३-२४ किलोंसारखी वागते. दीडपट. दहापट नव्हे.

खिशाच्या बाजूने पाहिले तर हा आकडा फार बोलका आहे. पोलादी रिमऐवजी चांगल्या अलॉय घेतल्या आणि प्रत्येकीमागे २ किलो वाचले असे धरू. चार चाकांचे ८ किलो होतात. फिरण्याचा गुणक लावून फार तर ११. म्हणजे हजारो रुपयांच्या अलॉय बसवून जे साधते, त्याहून जास्त डिकीतून स्टेपनी उचलून बाहेर ठेवल्याने साधते. शिवाय अलॉय म्हणजे हलकी हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. आमच्या सोसायटीतल्या एका तरुण शेजाऱ्याने हौसेने १६ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवले. पार्किंगमध्ये घरचा वजनकाटा आणून जुने आणि नवे चाक एकामागोमाग उभे केले, तेव्हा नवे चाक जवळपास दोन किलोंनी जड निघाले. वर मोठ्या रिममुळे धातू अक्षापासून लांब गेलेला, म्हणजे गुणकही वाढलेला. दिसायला गाडी वेगवान झाली होती, एवढे मात्र खरे.

मग दहा किलोंची गोष्ट आली कुठून? ती निराधार नाही. ती चाकावरून नव्हे, तर फ्लायव्हीलवरून आलेली असावी असा माझा अंदाज आहे. चाक रस्त्याच्या हिशेबाने फिरते, फ्लायव्हील इंजिनाच्या हिशेबाने. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि डिफरन्शिअलचे, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या दातेरी जोडीचे, ४.१ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात फ्लायव्हील चौदाहून अधिक फेरे घेते आणि ऊर्जेच्या हिशेबात या चौदाचाही वर्ग होतो. फ्लायव्हीलच्या कडेकडून, अक्षापासून सुमारे ११ सेंटिमीटरवरून, ३ किलो लोखंड लेथवर उतरवले असे समजा. पहिल्या गिअरमध्ये ते तीन किलो उतरवणे हे गाडीतून सुमारे ७८ किलो उतरवल्यासारखे ठरते. दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे १.९ च्या प्रमाणाला, तोच फायदा २३ किलोंवर येतो आणि तिसऱ्यात १० वर. किलोमागे पाहिले तर पहिल्यात पंचवीसहून अधिक पट, तिसऱ्यात तिपटीच्या थोडे वर. यातला कुठला तरी एक आकडा कोणी तरी चाकाला चिकटवला आणि तो तसाच रूढ झाला.

७८ किलो हा आकडा पाहून उद्याच गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. पाव मैलात पहिला गिअर दोन-तीन सेकंदच असतो. त्यातही गाडी सुटते तेव्हा क्लच घसरत असतो, इंजिन आधीच ४,५०० फेऱ्यांवर असते, आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी चाकांकडे जाते. आपण उतरवलेल्या त्या तीन किलोंत ४,५०० फेऱ्यांना सुमारे ४ किलोज्यूल ऊर्जा असते. हजार किलोची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात जवळपास तेवढीच असते. त्यातली बरीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते हे मान्य, पण लहान इंजिनाच्या गाडीला पहिला धक्का द्यायला उरलेलीसुद्धा कामाची असते. फ्लायव्हील फार हलके केले, की हिरवा दिवा लागल्यावर क्लच सोडताच इंजिनाच्या फेऱ्या कोसळतात, गाडी गचका खाते आणि ७८ किलोंचा कागदी फायदा तिथेच संपतो. गिअर बदलतानाही असेच काहीसे घडते. फेऱ्या खाली येताना जड फ्लायव्हील आपली ऊर्जा गाडीला थोडीफार परत देत असते. थोडक्यात, डेड वेट नुसते घेते, तर फ्लायव्हील घेते आणि काही अंशी परतही करते. त्याला निव्वळ ओझे समजून वागणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महाग चूक आहे.

महाग आणि क्वचित धोक्याचीही. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर फ्लायव्हील उतरवून देणारे कुशल हात सहज मिळतात, पण बिडाचे मूळ फ्लायव्हील किती पातळ करावे हा लेथचा नव्हे, धातूच्या ताकदीचा प्रश्न आहे. पातळ केलेले बीड वाढत्या फेऱ्यांवर तडकून फुटू शकते आणि त्याचे तुकडे बेलहाउसिंग (क्लच आणि फ्लायव्हीलभोवतीचे आवरण) फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. हलकेच हवे असेल तर घडीव पोलादाचे, तयार आणि संतुलन केलेले घ्यावे. क्रँकच्या पुलीबाबतही तारतम्य हवे. अनेक इंजिनांत त्या पुलीत रबराचा थर असतो, आणि तो क्रँकशाफ्टची पिळाची कंपने जिरवण्यासाठी असतो. त्याजागी अ‍ॅल्युमिनियमची भरीव पुली लावली तर वाचलेल्या अर्ध्या-एक किलोची किंमत बेअरिंगे मोजतात.

येथे आणखी एक गल्लत होते, ती दोन वाक्यांत मिटवता येईल. स्प्रिंगखालचे वजन (सस्पेन्शनच्या स्प्रिंगांवर न तोललेले) आणि फिरते वजन या एकच गोष्टी नव्हेत: ब्रेकचा कॅलिपर स्प्रिंगखाली असतो पण फिरत नाही, फ्लायव्हील फिरते पण ते स्प्रिंगवर तोललेल्या इंजिनात असते. स्प्रिंगखालचे वजन घटवल्याने खडबडीत रस्त्यावर चाकाची पकड सुधारते, सपाट धावपट्टीवर सरळ रेषेत त्याचा वेगळा लाभ फारसा दिसत नाही.

डेड वेटच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो, जो फिरत्या वजनाला सहसा विचारावा लागत नाही: ते कुठून काढले? आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. गाडी जोराने सुटते तेव्हा भार मागे सरकतो. गुरुत्वत्वरणाच्या चार दशांश एवढे त्वरण ती घेत असेल, तर हजार किलोंपैकी सुमारे ९० किलो पुढच्या चाकांवरून मागे जातात आणि नेमकी ओढणारी चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. म्हणून अशा गाडीतले वजन मागून काढावे. स्टेपनी तर मागच्या एक्सलच्याही मागे असते, त्यामुळे तरफेच्या न्यायाने ती पुढची चाके किंचित उचलून धरत असते. ती काढली, की पुढच्या चाकांवरचा भार दोन-अडीच किलोंनी उलट वाढतो. एवढ्याशा गोष्टीचे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा फार कौतुक वाटले होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हिशेब उलटा: तिथे पुढचे वजन उतरवावे आणि बॅटरीसारखे जे काढता येत नाही ते डिकीत न्यावे.

मोजण्याच्या बाबतीत मात्र दोन्हींची साधने वेगळी आहेत. पूर्ण गाडीसाठी भुईकाटा आहे, पण ट्रकसाठी बनवलेल्या त्या काट्यावर आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने बदलतो, म्हणून स्टेपनी काढल्याचा परिणाम तिथे धड दिसत नाही. काढलेली प्रत्येक वस्तू घरच्या काट्यावर ठेवून वहीत लिहीत जाणे अधिक भरवशाचे. फिरत्या भागांचे नुसते वजन लिहून भागत नाही. ते अक्षापासून किती अंतरावर होते हेही शेजारी लिहावे लागते.

आणि काही वजनांना हात लावायचा नसतो. एअरबॅग, सीटबेल्ट, दारांतले आडवे पोलादी बार आणि ब्रेक यांचे किलो मोजूच नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते आणि गाडीचे रिकामे वजन व आसनसंख्या आरसीवर छापलेली असते. तेव्हा काढलेली सीट शर्यत संपल्यावर जागेवर बसवूनच रस्त्यावर यावे, आणि वेग आजमावायचा तो बंदिस्त धावपट्टीवरच. स्टेपनीची सोय त्याहून सोपी आहे. सोबत आलेल्या मित्राच्या गाडीत ती दिवसभर पडून राहू द्यावी; त्याच्याही गाडीला ते डेड वेटच आहे, पण त्याला त्या दिवशी धावायचे नसते, आणि परतीच्या घाटात पंक्चर झालेच तर ती हाताशी असते.